नवतप्यांतील सालेकसा

उन्हाळा लागला कीं आपल्या मंडळींची दृष्टि महाबळेश्वर, माथेरान, फार तर चिखलदरा यांजकडे वळते. आम्ही मात्र ऐन नवतप्यांत, महाराष्ट्राच्या अगदीं पूर्व टोकास असलेल्या सालेकसा येथें जावयास निघालों, तेव्हां घरांतील लहानथोरांनीं आमच्या बुद्धीविषयीं उघड शंका घेतली. ‘लोक ऊन चुकवावयास जातात, आणि तुम्ही त्याच्या भेटीस निघालांत,’ असें आमच्या कुटुंबानें ऐकविलें. पुतण्याची नोकरीनिमित्त तेथें बदली झालेली. त्याचें नवें बिऱ्हाड पाहून यावें, हें सांगावयाचें कारण. दुसरेंही एक कारण होतें. तें ओघानें पुढें येईल.

सूर्य रोहिणी नक्षत्रांत शिरला म्हणजे पहिल्या नऊ दिवसांस विदर्भांत नवतपा म्हणतात. इंग्रजी तारखेनें तो २५ मेच्या सुमारास लागतो. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पुढें पाऊस चांगला, अशी समजूत असल्यामुळें लोक घामानें निथळत असतांही उन्हास शिव्या देत नाहींत. सावकाराकडे गहाण ठेवलेल्या दागिन्याप्रमाणें हा ताप मृग लागतांच सोडवून घ्यावयाचा असतो.

नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या आगगाडीनें गोंदिया व आमगांव मागें टाकलें कीं सालेकसा येतें. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें नागपूर-छत्तीसगडचा जुना मीटरमापी मार्ग रुंद करून पूर्वेकडे नेला, तोच हा मार्ग. वाटेंत दोहों बाजूंस वैनगंगेच्या खोऱ्यांतील सपाट मुलूख. धानाच्या बांध्या उघड्या पडलेल्या, माती भेगाळलेली, बोड्यांच्या तळाशीं हातभर पाणी आणि त्यांत पाठीपर्यंत बुडालेल्या म्हशी. सालेकसा जवळ येऊं लागतें तसे क्षितिजावर डोंगर उठतात. ते ओलांडले कीं पलीकडे छत्तीसगडांतील डोंगरगड. सालेकसाच्या पुढचें स्थानक दरेकसा. त्याच्या जवळच हाजरा फॉल नांवाचा धबधबा आणि त्याच परिसरांत कचारगडच्या गुहा. माघी पौर्णिमेस तेथें गोंड समाजाची मोठी यात्रा भरते व दूरदूरच्या प्रांतांतून लोक येतात. पावसाळ्यांत हाजरा पाहावयास अशीच गर्दी लोटते. आम्ही गेलों तेव्हां धबधब्याच्या जागीं एक कोरडा कडा आणि पायथ्याशीं हिरवट डबकें एवढेंच उरलें होतें.

नवतप्यांत येथील दिवसाचे दोन तुकडे पडतात. सकाळीं दहापर्यंत एक आणि संध्याकाळीं पांचानंतर दुसरा. मधल्या वेळीं रस्त्यावर डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला एखादा सायकलस्वार दिसला तर दिसला. पुतणसुनेनें आमच्यासाठीं कैरीचें पन्हें करून ठेवलें होतें व खिडक्यांस ओले वाळ्याचे पडदे सोडले होते. तरी दुपारीं दोन वाजतां भिंतीस हात लावला तर तव्यास लावल्यासारखा भाजे. रात्रीं सर्व मंडळी गच्चीवर निजली. दहाच्या सुमारास समोरच्या डोंगराच्या अंगावर एक तांबडी रेघ दिसूं लागली. ती हळूहळू लांबत गेली, मध्येंच तुटली, पुन्हां जुळली. आम्हांस ती मोठी शोभिवंत वाटली. कालिदासाच्या ऋतुसंहारांत ग्रीष्माच्या सर्गाअखेर दावाग्नीचें वर्णन येतें. तें आम्हीं तरुणपणीं पाठ केलेलें. त्याच भरांत आम्ही म्हणालों, ‘वा! दीपमाळच जणूं!’

पुतण्या उठून बसला. ‘काका, तो वणवा आहे,’ एवढेंच तो म्हणाला आणि कोणास तरी दूरध्वनि करूं लागला. आम्ही ओशाळलों. पुस्तकांतल्या वणव्याचा धूर डोळ्यांत जात नाहीं, हाच काय तो त्याचा दोष.

दुसऱ्या दिवशीं पहाटेच पुतण्याबरोबर आम्ही दरेकशाच्या बाजूस निघालों. मोह, ऐन, तेंदू, धावडा यांचें हें पानगळीचें रान. फाल्गुनापासून पानें झडूं लागतात, आणि वैशाख सरेपर्यंत जमिनीवर घोटाभर पाचोळ्याचा थर सांचतो. त्यावर तीन महिने पाण्याचा थेंब नसतो म्हटलें तरी चालेल. दुपारीं वारा सुटतो तो भट्टींतून आल्यासारखा. अशा पाचोळ्यास एक ठिणगी पुरे. म्हणूनच महाराष्ट्राचें वनखातें १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंतचा काळ आगीचा हंगाम मानतें. चालतां चालतां पायांखालची जमीन एकाएकीं काळी झाली. वर झाडें उभींच होतीं. बुंधे तेवढे कमरेपर्यंत करपलेले. कोठें कोठें जळालेल्या ओंडक्यांतून अजून धूर निघत होता.

येथेंच आमच्या प्रवासाचें दुसरें कारण आम्हांस भेटलें.

तीस-बत्तीस वर्षांपूर्वीं आम्ही या जिल्ह्याच्या पूर्वभागांतील एका शाळेंत शिक्षक होतों. तेव्हां हा मुलूख भंडारा जिल्ह्यांत मोडे. गोंदिया जिल्हा १९९९ सालीं निराळा झाला. शनिवारीं सकाळची शाळा असे व शेवटच्या तासाला आम्ही मुलांना महाभारतांतील कथा सांगत असूं. एके शनिवारीं खांडवदहनाची कथा चालली होती. अग्नीस वन हवें होतें. इंद्र पाऊस पाडी. कृष्णार्जुनांनीं तो अडविला आणि वन जळूं दिलें. आम्ही अर्जुनाच्या बाणांच्या वर्णनांत रंगून गेलों असतां मागच्या बाकावरचा एक गोंड मुलगा उभा राहिला व म्हणाला, ‘गुरुजी, त्या जंगलांत राहणारे कोठें गेले?’ वर्ग हंसला. आम्हीं त्यास ‘मध्येंच बोलूं नको, खालीं बस’ म्हणून दटावलें. तो बसला. त्यानंतर त्यानें आमच्या तासाला कधींही प्रश्न विचारला नाहीं. शिक्षकाच्या आयुष्यांत असे प्रसंग शेकडों येतात आणि विसरले जातात. हा विसरला नाहीं. कारण उघड आहे. प्रश्न बरोबर होता आणि उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें.

तोच मुलगा वनखात्याकडे हंगामी अंगारी म्हणून, म्हणजे आगीवर पहारा ठेवणारा मजूर म्हणून, काम करतो, असें पुतण्याच्या पत्रांतून आम्हांस कळलें होतें. आतां तो पंचेचाळिशीचा गृहस्थ. चेहरा काजळीनें माखलेला, डोळे लाल, उजव्या मनगटावर भाजल्याची जुनी खूण. आम्हांस पाहून त्यानें हातांतील झुडपाची फांदी टाकली व वांकून पाया पडला. रात्रभर तो व त्याचे पांच सोबती त्या तांबड्या रेघेच्या मागें डोंगरभर फिरले होते. आमची दीपमाळ त्यांनीं पहाटे चार वाजतां विझविली.

झाडाखालीं बसून त्यानें आम्हांस जें सांगितलें, तें कोणत्याही पाठ्यपुस्तकांत आम्हीं वाचलें नव्हतें. येथें आभाळांतून आग क्वचितच पडते; बहुतेक वणवे माणसाच्या हातचे. मोहाचीं फुलें चैत्रांत पहाटे गळतात. तीं वेंचून, वाळवून विकलीं कीं घरांत चार पैसे येतात. पुष्कळ घरांस तोच वर्षाचा आधार. पाचोळ्यांत फूल दिसत नाहीं, म्हणून कित्येक जण झाडाखालचा पाचोळा पेटवून जमीन मोकळी करतात. तेंदूच्या झुडपांस नवीं कोंवळीं पानें फुटावींत म्हणूनही कांहीं ठिकाणीं आग लावतात. वैशाखांत तीं पानें तोडून, पुडकीं बांधून फळीवर द्यावयाचीं असतात. लावणाऱ्याच्या मनांत एका झाडाखालची जागा असते. वाऱ्याच्या मनांत सबंध डोंगर असतो.

‘आणि तुम्ही ती विझवतां कशी?’ आम्हीं विचारलें.

‘पाण्यानें नाहीं, गुरुजी. डोंगरावर पाणी कुठलं? हिरव्या फांदीनं झोडपायचं, नाहींतर पुढं जाऊन पाचोळा झाडून पट्टा मोकळा करायचा. खायला मिळालं नाहीं कीं आग आपणच मरते.’ हिंवाळ्याअखेर वनखातें जाळरेषा काढतें, म्हणजे ठराविक रुंदीचे पट्टे आधींच साफ करून व जाळून ठेवतें, त्याचें तत्त्वही हेंच. अलीकडे पाचोळा उडविणारीं फुंकणीचीं यंत्रें आलीं आहेत. उपग्रहही आले आहेत. डेहराडूनचें भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहानें टिपलेल्या उष्ण ठिकाणांची सूचना वनकर्मचाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठवितें. परंतु उपग्रहाच्या एका ठिपक्यांत सुमारें पावणेचारशे मीटर लांबीरुंदीचा तुकडा मावतो. त्यांत आग नेमकी कोठें व कोणत्या अंगानें सरकते आहे, हें पायीं जाऊनच पाहावें लागतें. शेवटचें मैलभर अंतर माणसाचेंच असतें.

त्या अंतराची किंमत केवढी असते, हें या जिल्ह्यास ठाऊक आहे. २०२१ च्या एप्रिलांत नागझिरा अभयारण्यांत वणवा विझवितांना तीन वनमजूर होरपळून मृत्यु पावले. आमचा विद्यार्थी त्याविषयीं बोलला नाहीं; आम्हीं विषय काढतांच त्यानें मनगटावरची खूण बाहीखालीं झांकली.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोरड्या प्रदेशांत वणवा गांवेंच्या गांवें गिळतो. कॅलिफोर्नियांतील पॅरडाइज हें गांव २०१८ च्या नोव्हेंबरांत एका दिवसांत बहुतेक जळून गेलें व त्या आगींत ८५ माणसें मेलीं. आपल्याकडील आग तशी उंच नसते. ती जमिनीवरून सरपटते. मोठें झाड तिला सहसा पुरून उरतें. म्हणूनच पाहणारा फसतो. वन उभें दिसतें आणि त्यास वाटतें, फारसें कांहीं गेलें नाहीं. परंतु जाणारें सर्व खालींच असतें: त्या वर्षीं रुजलेलीं रोपटीं, जमिनीवर घातलेलीं पक्ष्यांचीं अंडीं, मातींतील ओल धरून ठेवणारी कुजलेल्या पानांची साय. दरवर्षीं असें होत गेलें, तर वृद्ध वृक्ष तेवढे उरतील आणि त्यांच्या मागें कोणीच येणार नाहीं. आयुष्यभर शाळेंत घालविलेल्या माणसास हें चित्र लगेच समजतें. शिक्षक हजर, वर्ग रिकामा.

यास उपाय काय? कायदा आहे, १९२७ च्या भारतीय वन अधिनियमान्वयें राखीव वनांत आग लावणें हा गुन्हा आहे, आणि वनावर हक्क असणाऱ्यांनीं आग विझविण्यास साह्य करावें, असेंही त्यांत सांगितलें आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा व आपलें सामूहिक वन राखण्याचा अधिकार गांवास दिला. परंतु आम्हांस जो उपाय पटला, तो आमच्या विद्यार्थ्यानें सांगितला नाहीं. त्याच्या घरीं आम्हांस तो दिसला.

दुपारीं त्यानें आग्रहानें आम्हांस घरीं नेलें. अंगणांत त्याची वृद्ध माय बसली होती. बोलतां बोलतां ती म्हणाली, ‘आधीं मी पण जाळत होतो बापा, माह्या दोन मोहाखालीं. हा ऐकेच ना. मंग म्हणे, माय, तूं जाळूं नको, मी झाडतो.’ तेव्हांपासून चैत्राचा सबंध महिना हा गृहस्थ रात्रीं तीन वाजतां उठतो, आईच्या दोन्ही मोहांखालची जमीन खराट्यानें स्वच्छ करतो, आणि मग पहाऱ्यावर जातो. ‘घरचीच आग बंद केली नाहीं, तर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगूं?’ तो म्हणाला. आतां शेजारचीं कांहीं घरेंही झाडूं लागलीं आहेत. कोणी झाडाखालीं जाळीं पसरतात. सगळे नाहींत. झाडण्यास दोन तास लागतात. काडी ओढण्यास क्षण पुरतो.

त्याची मुलगी पांचवींत आहे. निघण्यापूर्वीं आम्हीं तिला जवळ बोलावलें आणि तिच्या वडिलांदेखत खांडवदहनाची कथा पुन्हां सांगितली. या खेपेस अर्जुनाचे बाण आम्हीं आंवरते घेतले. जरिता नांवाच्या पक्षिणीची गोष्ट सांगितली. पंख न फुटलेलीं चार पिल्लें घरट्यांत. आग जवळ येत चाललेली. आई त्यांस उंदराच्या बिळांत लपावयास सांगते आणि पिल्लें म्हणतात, तूं उडून जा, तूं तरी वांच. अखेर अग्नि त्यांस सोडून देतो. महाभारतकारांनीं वांचलेल्यांची मोजदाद दिली आहे: तक्षकाचा पुत्र अश्वसेन, मयासुर आणि हीं चार पिल्लें. तुझ्या बाबांनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांतच होतें, आम्हीं तें वाचूनही पाहिलें नव्हतें, असें आम्हीं कबूल केलें.

मुलीनें बोटांवर मोजलें. ‘सहाच?’ तिनें विचारलें.

‘सहाच,’ आम्ही म्हणालों. या वेळीं तिला कोणी खालीं बसावयास सांगितलें नाहीं. तिचे वडील पायांच्या अंगठ्यानें अंगणांतील माती उकरीत राहिले. मग म्हणाले, ‘गुरुजी, तुमच्या लक्षांत राहिलं होतं?’ आम्ही मान हलविली. त्याहून अधिक बोलणें दोघांसही जमलें नाहीं.

अमरकोशांत ‘दव’ आणि ‘दाव’ या शब्दांचे अर्थ दोन दिले आहेत: वन आणि वनास लागलेली आग. एकाच शब्दाच्या पोटांत दोन्ही कसें, याचें आम्हांस विद्यार्थिदशेंत नवल वाटे. सालेकसा पाहून आल्यावर वाटत नाहीं. कोणता अर्थ खरा व्हावयाचा, हें पुष्कळदां झाडाखालीं वांकलेल्या माणसाच्या हातांत असतें. त्यांत खराटा आहे कीं काडी, एवढाच प्रश्न.

घरीं परतलों त्या संध्याकाळीं मागच्या अंगणांत धाकट्या नातवानें आंब्याच्या पाचोळ्याचा ढीग केला होता व आगपेटी घेऊन आमचीच वाट पाहत होता. हा विधि आमच्या घरीं दर उन्हाळ्यांत आमच्याच हस्तें होत आला आहे. आम्हीं आगपेटी खिशांत टाकली आणि त्यास कुदळ आणावयास सांगितली. खड्डा खणून होईपर्यंत अंधार पडला. मृगास अजून चार दिवस होते.