लीलोतीचा त्याग आणि माझी साखर



चातुर्मास लागला की आमच्या शिरूरच्या स्थानकात पच्चक्खाण घेणाऱ्यांची रांग लागते. कुणी एकासणं करतं, कुणी चार महिने चौविहार धरतं, कुणी अठाईची तयारी करतं. मी बरीच वर्षं एकच नियम घेत आले: चार महिने लीलोतीचा त्याग, म्हणजे हिरवी भाजी बंद. चातुर्मास संपला तरी दूज, पाचम, आठम, ग्यारस, चौदस, शिवाय पुनव आणि अमावस्या, अशा महिन्यातल्या बारा तिथी मी पाळतच होते. एका वर्षी माळ घालून माझा बहुमान झाला. बायका म्हणायच्या, "काकूंचा जिभेवर केवढा ताबा!"

आज खरं सांगते. मला भाज्या आवडतच नाहीत.

लहानपणापासून हे असंच आहे. माझं माहेर दौंडचं. आई दोडका करायची त्या दिवशी मी ताटाखाली भाजी सरकवून ठेवायची. दुधी, घोसाळी, पडवळ, तोंडली, गवार, कारली, एकही घशाखाली उतरत नसे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट हे जमीकंद घरात येतच नसत. वांगं बहुबीज म्हणून आमच्याकडे वर्ज्य. मग उरलं काय? गट्टे, मुंगोडी, कढी, पापडाची भाजी, दाणामेथी, पिठलं. आपले पूर्वज मारवाडातून आले. तिथे पाणी कमी, भाजीपाला कमी, म्हणून डाळी आणि बेसनावर त्यांनी अख्खा स्वयंपाक उभा केला. तिथीच्या दिवशी तोच स्वयंपाक आपल्या उपयोगी पडतो. मला तर तो रोजच उपयोगी पडला. न आवडणारी वस्तू सोडायची आणि त्याला त्याग म्हणायचं, असा हा सोयीचा धर्म मी चालवला होता.

वयाच्या साठीला रक्त तपासलं. उपाशीपोटी १७८, जेवणानंतर दोन तासांनी २६४, आणि एचबीएवनसी ९.२. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आणि एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त आलं की मधुमेह समजतात, म्हणजे माझा आजार चांगलाच मुरलेला होता. मला आईची आठवण आली. आईलाही साखर होती, तिलाही भाज्या नको असायच्या, आणि गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय तिचं जेवण पुरं व्हायचं नाही. शेवटची काही वर्षं तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. माळ जपायची बोटांनी, पण समोर कोण आलं ते आवाजावरून ओळखायची. साखर डोळ्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत असून मी काय करत होते?

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणि एक छापील कागद हातात ठेवला. पिष्टमय पदार्थ कमी करा, त्याऐवजी अंडी, मासे, मशरूम, कांद्याची कोशिंबीर आणि भरपूर हिरव्या भाज्या खा. मी पेन घेऊन एकेका ओळीवर काट मारत गेले. आपल्याला चालत नाही ते आधी गेलं, मला आवडत नाही ते नंतर गेलं. शेवटी काकडी आणि पनीर उरलं. सुनेने कागद पाहिला आणि ती हसायला लागली. मला मात्र रडू येत होतं.

मग माझं कॉमर्स कामाला आलं. घरात जुनी खतावणीची वही होती. तिच्यात डाव्या बाजूला काय खाल्लं आणि उजव्या बाजूला दोन तासांनी बोटातून रक्त काढून आलेला आकडा, असं लिहायला लागले. बोटातून काढलेली साखर म्हणजे रोजमेळ. एचबीएवनसी म्हणजे दोन-तीन महिन्यांचा ताळेबंद. रोजमेळात एखादा दिवस लपवता येतो, ताळेबंदात काही लपत नाही.

माझ्या जुन्या दुपारच्या ताटाचा हिशोब सांगते. मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं, त्यात २० ग्रॅमच्या आसपास पिष्ट. तीन पोळ्यांचे ६०. वाटीभर भाताचे ४०. घट्ट वरणाचे १५. गुळाच्या खड्याचे १५. एकूण १३० ग्रॅम, तेही एका जेवणात! संध्याकाळी सूर्यास्ताच्या आत खिचडी-पापड, आणि दुपारच्या चहाबरोबर खाखरे. खाखरा हलका असतो, पण तो गव्हाचाच. भाजून कडक केलेली पोळी, एवढंच. मी त्याला कधी मोजतच नव्हते.

दुसरा गैरसमज बाजरीचा. आमचा शिरूर तालुका बाजरीचा, म्हणून मला वाटे की भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही. बाजरीत आणि ज्वारीत तंतू चांगले असतात, पण १०० ग्रॅम पिठात पिष्ट ७० ग्रॅमच्या आसपासच असतं. दोन मोठ्या भाकऱ्या खाल्ल्या की गहू काय आणि बाजरी काय, आकडा चढतोच. माझ्या वहीत २३१ लिहिलेला एक दिवस आहे. त्या दिवशी मी गव्हाचा कणही खाल्ला नव्हता.

सगळं पिष्ट सोडायचं, असंही नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशभरच्या पाहणीच्या आधाराने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या मधुमेहींनी रोजच्या एकूण उष्मांकांपैकी साधारण निम्मे पिष्टातून आणि पाचवा हिस्सा प्रथिनांतून घ्यावा, असा त्याचा निष्कर्ष होता. आपण शाकाहारी बायका प्रथिनांतच कमी पडतो. म्हणून मी ताट असं बदललं: ४० ग्रॅम पिठाची एक छोटी भाकरी, तिचे २८. वाटीभर घट्ट मुगाची डाळ, तिचे १६. शंभर ग्रॅम घरचं पनीर, त्याचे ३. थोडी भाजी, तिचे ६. एकूण ५३. भात बंद केला नाही, रविवारी चार घास खाते. आधी पनीर, डाळ आणि भाजी खायची, भाकरी शेवटी, आणि जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या. एवढ्याने वहीतला आकडा खाली आला.

पण भाजीचं काय?

त्याच सुमारास महासतीजींचं प्रवचन ऐकलं. बाह्य तपाचे सहा प्रकार त्यांनी समजावले. अनशन सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यानंतर ऊणोदरी येतं, म्हणजे भुकेपेक्षा चार घास कमी खाणं, आणि पुढे रसपरित्याग. प्रवचनानंतर मी वंदना करायला गेले आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "बाई, तुम्हाला सोडायला अवघड काय जाईल?"

मी म्हटलं, "गूळ."

त्या नुसत्या हसल्या.

शिरूरहून दौंडला जाताना न्हावरे सोडून चौफुल्याकडे लागलं की उसाचं रान सुरू होतं. थंडीत गुऱ्हाळं पेटतात आणि गाडीच्या काचा बंद असल्या तरी उकळत्या रसाचा वास आत येतो. माझा धाकटा भाऊ दरवर्षी पौषात गुळाची ढेप घेऊन येतो. त्या वर्षी मी त्याला फोन करून सांगितलं, ढेप आणू नकोस. तो गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, आई गेल्यापासून मी तेवढंच तर आणतो गं." मला काय बोलावं ते सुचेना. गूळ साखरेपेक्षा बरा, असं आपण म्हणतो, पण रक्तात गेल्यावर दोघांत फारसा फरक राहत नाही. शेवटी तो आला, आणि ढेपेऐवजी शेंगदाण्याची पिशवी आणि हुरड्याची कणसं घेऊन आला. हुरडाही मला मोजूनच खावा लागतो, हे मी त्याला सांगितलं नाही. मूठभर खाल्ला.

गूळ सुटल्यावर भाजीकडे वळले. वहीत प्रत्येक भाजीपुढे ती का आवडत नाही ते लिहिलं. तेव्हा कळलं की निम्म्या भाज्यांची चव मला नकोशी नव्हती, त्यांचा गिळगिळीत मऊपणा नकोसा होता. मग करण्याची पद्धत बदलली. तुमच्यापैकी कुणी माझ्यासारखी असेल, तर हे करून बघा:

भेंडी उभी पातळ चिरून, लोखंडी तव्यावर थोड्या तेलात, झाकण न ठेवता कुरकुरीत करायची. तोंडलीच्या चकत्याही तशाच.

दोडक्याच्या शिरा काढून तीळ आणि खोबऱ्याबरोबर परतून चटणी. दोडका मी अजून खात नाही, पण त्याच्या शिरा खाते!

दुधी किसून, पाणी पिळून, मुगाच्या वाटलेल्या डाळीत मिसळून पातळ धिरडी. पिळलेलं पाणी कढीत घालायचं.

कोबी बारीक चिरून, जेमतेम वाफ देऊन, वर लिंबू आणि दाण्याचं कूट. कोबीची पानं नीट सुटी करून, निरखून मगच घ्यायची, हे तुम्हाला सांगायला नको.

सिमला मिरचीत पनीर आणि तिळकूट भरून तव्यावर.

कारलं आणि पडवळ मला जमलं नाही. ते मी सोडून दिलं. सगळ्या भाज्यांशी मैत्री व्हायलाच हवी असं नाही, पाच-सहा पुरतात.

तिथीच्या दिवशी मी अजूनही लीलोती खात नाही. त्या दिवशी पनीर, मूग, मुंगोडी, दाणामेथी आणि ताक. ज्यांच्याकडे द्विदलाचा नियम आहे त्यांनी दही नीट गरम करून मगच कडधान्याबरोबर घ्यावं. भाकरी मात्र तिथीलाही एकच. पूर्वी भाजी नाही म्हणून मी एक पोळी जास्त घ्यायची आणि तिथेच फसायची. चार महिन्यांचा त्याग मी आता घेत नाही. त्याऐवजी गूळ आणि साखरेचं पच्चक्खाण घेते.

आता तपाबद्दल थोडं, कारण हे महत्त्वाचं आहे. आयंबिलच्या ओळीत दूध, दही, तूप, तेल, भाजी, फळ काहीच नसतं. उरतं नुसतं धान्य आणि डाळ. म्हणून मधुमेहात आयंबिलला साखर चढते. उपवासात उलटं होतं. पहिल्या वर्षी पर्युषणात मी उपवास केला आणि सकाळची गोळी मात्र नेहमीसारखी उपवासाच्या आधल्या दिवसाच्या हिशोबानेच चालू ठेवली, कुणाला विचारलं नाही. दुपारी स्थानकातच घाम फुटला, हात थरथरायला लागले, समोरचे चेहरे धूसर झाले. सुनेने मशीन लावलं तर ५२. सत्तरच्या खाली गेलं की ताबडतोब साखर द्यावी लागते. मी तोंड घट्ट मिटून बसले होते, पच्चक्खाण मोडेल म्हणून. शेजारच्या भाभींनी कानात सांगितलं की पच्चक्खाणात आगार असतात, सर्वसमाधीचा आगार अशाच वेळेसाठी ठेवलेला आहे. तेव्हा मी साखरपाणी घेतलं.

चूक माझीच होती. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना उपाशी राहिलं किंवा एकदम पिष्ट कमी केलं, तर साखर धोकादायक खाली जाते. ज्या गोळ्यांच्या नावात ग्लिफ्लोझिन असतं, त्या चालू असताना उपवास किंवा फार कडक आहार केला, तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारायला हवं. चौविहारात संध्याकाळपासून सकाळच्या नवकारसीपर्यंत बारा-चौदा तास पोट रिकामं राहतं, म्हणून रात्रीच्या गोळीची वेळही डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तप सुरू करायच्या आठ दिवस आधी जा. लाजू नका.

सहा महिन्यांनी माझं एचबीएवनसी ७.१ आलं. गोळ्या चालू आहेत, आणि त्या चालू राहतील. दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासून घेते. मागच्या वेळी तपासणाऱ्या बाईंनी पडदा चांगला आहे म्हटलं, तेव्हा मी बाहेर बाकावर बसून थोडा वेळ नवकार म्हणत राहिले. आई आठवत होती.

ज्या बायकांनी माझ्या लीलोती-त्यागाची अनुमोदना केली, त्या सगळ्यांना हे कधीतरी सांगायचंच होतं. तुमच्या मनात मी खोटी प्रतिमा उभी केली, त्याबद्दल मन, वचन, कायेने मिच्छामि दुक्कडं. आणि कुणाच्या घरी दोडका केला असेल, तर त्याच्या शिरा माझ्यासाठी ठेवा.