टाकीतला चोर

मढला मासळी म्हणजे पकडायची, सुकवायची आणि बाजारात न्यायची गोष्ट. वर्सोव्याहून तरीने आले की वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घरापर्यंत सोबत करतो. अशा ठिकाणी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या आम्हाला शेजारच्या कोळी मावशी हसतात, यात नवल नाही. "खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग हा पसारा कशाला?" असे त्या विचारतात.

पसारा मुलांच्या हौसेचा. टाकीत गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खातात म्हणून महापालिका विहिरींत आणि टाक्यांत सोडते, तेच हे मासे. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्ले देते. मात्र मोठे मासे, कधी कधी आईसुद्धा, ती पिल्ले गिळतात. म्हणून गेल्या सप्टेंबरच्या शेवटी झालेली 24 पिल्ले आम्ही वेगळ्या काचेच्या भांड्यात ठेवली. लपायला आसरा हवा म्हणून गावच्या तळ्यातून महिन्यापूर्वी आणलेले पाणगवत त्यात सोडले.

चार दिवसांनी मोजली तर 17. आठवड्याने 11. मेलेले एकही पिल्लू तरंगताना दिसले नाही. पाणी स्वच्छ, वर जाळी, घरात मांजर नाही. मग पिल्ले जातात कुठे?

आमची नजर भाच्याकडे वळली. आठ वर्षांचा हा मुलगा शाळा सुटल्यापासून त्याची अम्मी कामावरून येईपर्यंत आमच्याकडे असतो. पूर्वी एकदा त्याने न विचारता दोन मासे बाटलीत घालून मित्राला दिले होते. तेवढा पुरावा आम्हाला पुरला. सगळ्या मुलांसमोर त्याला विचारले, "खरं सांग, कुणाला दिलीस पिल्लं?"

"खाला, मी पाण्यात हातसुद्धा घातला नाही," तो म्हणाला. आमच्या चेहऱ्यावर विश्वास दिसला नसावा. त्यानंतर तो टाकीजवळ फिरकेना. गृहपाठ करायचा, तोही टाकीकडे पाठ करून.

तीन दिवसांनी फजरच्या वुजूला उठलो, तेव्हा सहज भांड्यावर टॉर्च मारला. पाणगवताच्या देठावर मातकट रंगाचा, सहा पायांचा, बोटाच्या पेराएवढा कीडा बसला होता. एक पिल्लू जवळून गेले. कीड्याच्या तोंडाखालून काहीतरी झटक्यात पुढे आले आणि पिल्लू नाहीसे झाले.

ती चतुराची अळी होती. पावसाळा संपताना मुंबईच्या आकाशात थव्याने फिरणारा, मुले ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तोच चतुर. त्याचे बालपण पाण्याखाली जाते. या अळीचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. तो डोळ्याचे पाते लवण्याआधी पुढे फेकून ती डासांच्या अळ्या, बेडकाची पिल्ले, छोटे मासे पकडते. काही चतुर पाणवनस्पतीच्या देठातच अंडी घालतात. म्हणजे चोर आम्हीच गावाहून पिशवीत भरून आणला होता आणि पिल्लांच्या आसऱ्याला ठेवला होता.

औषध टाकून कीडा मारावा, असे पहिल्यांदा मनात आले. पण कीड्याला मारणारे औषध माशांनाही सोडत नाही. डासांवर फवारायच्या अनेक औषधांत पायरेथ्रॉइड असते, ते माशांना फार विषारी. घरात फवारणी असेल तर टाकी झाकावी आणि हवेचा पंपही बंद ठेवावा, नाहीतर पंप तीच हवा पाण्यात ओढतो. इथे खरा उपाय हातांचाच होता. पिल्ले दुसरीकडे हलवली, गवताची एकेक काडी पांढऱ्या टबात झटकली. आणखी दोन अळ्या निघाल्या. आता नवी वनस्पती आणली की नळाखाली धुऊन दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवतो आणि रोज बघतो. त्या भांड्यावर बारीक जाळी बांधायची आणि पाणी दर आठवड्याला बदलायचे, नाहीतर त्यातच डास वाढतील. डासाला अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवस पुरतात.

टाकीचे काम तासाभरात संपले. दुसरे काम अवघड होते. सूरह हुजुरातमध्ये गुमानापासून दूर राहण्याची आणि आलेल्या बातमीची आधी खातरजमा करण्याची ताकीद आहे. हे आम्ही मुलांना कितीदा समजावले असेल! वर्गात एखाद्याची पेन्सिल हरवली तर "पाहिल्याशिवाय नाव घेऊ नका" असे सांगणारेही आम्हीच. घरात मात्र एका जुन्या चुकीवरून मुलाला चोर ठरवून मोकळे झालो.

भाचा आला तेव्हा सगळ्या मुलांना बोलावले. आरोप सर्वांसमोर केला होता, तर माफीही सर्वांसमोरच मागायला हवी होती. "बेटा, चूक आमची झाली. आम्हाला माफ कर," असे म्हटले. तो काही बोलला नाही. बरणीतल्या अळ्यांकडे बराच वेळ बघत राहिला. मग विचारले, "खाला, यांना मारणार?"

मारल्या नाहीत. माशांच्या टाकीत जी अळी शत्रू, तीच तळ्यात डासांच्या अळ्या खाते आणि पंख फुटल्यावर उडते डासही. ती फक्त चुकीच्या जागी आली होती. भाच्याने त्यांना वेगवेगळ्या बरण्यांत ठेवले, गॅलरीतल्या बादलीत सापडलेल्या डासांच्या अळ्या खायला घातल्या आणि चढायला काडी लावली. दोन मेल्या. तिसरी एका रात्री काडीवर चढली. सकाळी तिथे फक्त रिकामी कात होती आणि खिडकीच्या जाळीवर एक चतुर पंख वाळवत बसला होता.

भाच्याने जाळी उघडली. चतुर खाडीच्या दिशेने गेला. मग तो आमच्याकडे न बघताच म्हणाला, "खाला, आता पिल्लं मी मोजू?"

त्या दिवसापासून मोजणी त्याच्याकडेच आहे. 9 पिल्ले वाचली होती, अल्हम्दुलिल्लाह, सगळी मोठी झाली.