शमशेरचे वार्धक्य

जुनी वस्तू जपावी की मोडीत काढावी, हा प्रश्न प्रत्येक घरात केव्हा ना केव्हा उभा राहतो. शिसवी कपाट असो वा आजीचे शिवणयंत्र, निर्णय चुकला तर फार तर घरातील अडगळ वाढते. परंतु वस्तू जेव्हा लढाऊ विमान असते आणि तिच्यात पंचविशीतला एक वैमानिक बसलेला असतो, तेव्हा या साध्या प्रश्नाला निराळेच वजन प्राप्त होते.

मी भारतीय हवाई दलात इंजिनांचा तंत्रज्ञ होतो. नोकरीतील बरीच वर्षे, आधी अंबाल्याला व पुढे पुण्याच्या लोहगाव तळावर, 'जग्वार' विमानांच्या सहवासात गेली. निवृत्तीनंतर गावी परतलो, तरी या विमानाची बातमी वर्तमानपत्रात दिसली की चष्मा आपोआप नाकावर चढतो. माझा पुतण्या दर दोन वर्षांनी मोबाईल बदलतो. त्याने एकदा विचारले, "काका, ज्या विमानावर तुम्ही तरुणपणी काम केलेत, तेच अजून सीमेवर कसे?" त्याला दिलेले उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

जग्वार हे ब्रिटन आणि फ्रान्स यांचे संयुक्त अपत्य. त्याचे पहिले उड्डाण सप्टेंबर 1968 मध्ये झाले. भारताने 1978 साली त्याची निवड केली आणि 27 जुलै 1979 रोजी पहिली दोन विमाने अंबाल्याला उतरली. हवाई दलाने त्याचे नाव ठेवले 'शमशेर'. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये त्याची बांधणी होऊ लागली व 2000 नंतरही नवी जग्वार तेथून बाहेर पडत होती. म्हणजे सगळीच जग्वार एका वयाची नव्हेत. काही थोरली, काही धाकटी.

हे विमान आकाशातील द्वंद्वासाठी घडविलेले नाही. जमिनीला जवळजवळ खेटून, शत्रूच्या रडारला चुकवीत आत शिरावे, पूल, धावपट्टी वा दारूगोळ्याचे कोठार अचूक टिपावे आणि तसेच परतावे, हे त्याचे काम. अशा उड्डाणात झाडांचे शेंडे फार दूर नसतात. त्यासाठी पंख आखूड, सांगाडा दणकट, पाय उंच आणि चाके रुंद. डांबरी रस्त्यावरून उडण्याचीही त्याची तयारी. 1975 मध्ये ब्रिटनमध्ये एका नव्या महामार्गावरून ते उडविण्यात आले होते आणि 2017 मध्ये आपल्याकडे आग्रा-लखनौ द्रुतगती मार्गावरही ते उतरले.

आम्हां तंत्रज्ञांना त्याचे प्रेम वाटे ते निराळ्याच कारणाने. ज्याने त्याचा आराखडा केला, त्याने दुरुस्ती करणाऱ्याचाही विचार केला होता. पंख उंचावर असल्याने त्यांखाली उभे राहून काम करता येई. दोन्ही इंजिने पोटाखालची दारे उघडून खाली उतरविता येत. मे महिन्याच्या दुपारी अंबाल्याच्या हँगरमध्ये घामाने निथळताना ही सोय कोणाही तत्त्वज्ञानापेक्षा मोलाची वाटे. लोहगावला सागरी हल्ल्यासाठी बनविलेली जग्वार होती. नाकात रडार असलेली ही विमाने समुद्रावर जाऊन येत, तेव्हा खाऱ्या हवेने धातूला काय होते याची आम्हांला विशेष काळजी वाहावी लागे. किनाऱ्यावर वाढलेल्या माझ्यासारख्याला ते शिकविण्याची गरज पडली नाही.

परंतु प्रेम आंधळे असू नये. जग्वारचा एक दोष जन्मापासूनचा आहे, तो म्हणजे त्याची इंजिने अंगाच्या मानाने दुबळी आहेत. पृथ्वी गोल आहे म्हणूनच हे विमान धावपट्टी सोडते, असा विनोद ब्रिटिश वैमानिक करीत. आपल्या उन्हाळ्यात हवा विरळ होते आणि हा विनोद हसण्यासारखा राहत नाही. नवी, जोरकस इंजिने बसविण्याची योजना अनेक वर्षे चालली. अखेर खर्चाचा आकडा पाहून 2019 मध्ये ती सोडून देण्यात आली.

मग हे विमान उपयोगी राहिले कसे? एक तर त्याचे अंतरंग बदलत गेले. ब्रिटिश मार्गदर्शन यंत्रणेच्या जागी 1980 च्या दशकात 'डॅरिन' ही यंत्रणा आली. तिच्या दुसऱ्या व तिसऱ्या आवृत्तीत नवे पडदे, नवे संगणक, आणि शेवटी सर्वसाधारण जग्वारलाही रडार मिळाले. दुसरे कारण मोडीतून आले. फ्रान्सने 2005 मध्ये, ब्रिटनने 2007 मध्ये आणि ओमानने 2014 मध्ये आपली जग्वार निवृत्त केली. त्यांपैकी फ्रान्सने एकतीस सांगाडे सुट्या भागांसाठी भारताला देऊ केले. जगात आज जग्वार उडविणारे हवाई दल एकच, आपले. इंजिनाच्या बाबतीत मात्र एक सुदैव आहे. प्रशिक्षणाच्या 'हॉक' विमानात त्याच घराण्याचे इंजिन असल्यामुळे ती विद्या अजून लुप्त झालेली नाही.

तिसरे कारण सांगताना जीभ थोडी अडखळते. जग्वार उपयोगी आहे, कारण त्याची जागा घेणारे वेळेवर आले नाही. मिग-27 डिसेंबर 2019 मध्ये गेले. मिग-21 ने 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला निरोप घेतला. मंजूर बेचाळीस स्क्वाड्रनांपैकी त्या दिवशी एकोणतीस उरल्या. स्वदेशी तेजसची वाट पाहण्यात वर्षे गेली. अशा घरात वृद्धाला 'तुम्ही आता बसा' असे म्हणण्याची सोय नसते. तो धडधाकट आहे म्हणून काम करतो की दुसरा कमावता नाही म्हणून, हे शेजाऱ्यांना कळत नाही. घरच्यांना मात्र ठाऊक असते.

2025 या एका वर्षात तीन जग्वार पडली. मार्चमध्ये अंबाल्याजवळ वैमानिक सुखरूप बाहेर पडला. एप्रिलमध्ये जामनगरजवळ दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला. जुलैत राजस्थानातील चुरू जिल्ह्यात दोघेही गेले. प्रत्येक अपघाताला वयच कारणीभूत असते असे नाही. नवी विमानेही पडतात. तथापि अशी बातमी येते तेव्हा आम्ही जुने सहकारी एकमेकांना दूरध्वनी करतो आणि पहिला प्रश्न कधीही 'काय बिघडले?' असा नसतो. तो असतो, "बाहेर पडला का?"

उड्डाणापूर्वी विमानाच्या नोंदवहीवर तंत्रज्ञाची सही होते व त्याखाली वैमानिकाची. 'फॉर्म 700' हे तिचे रूक्ष नाव. आमची सही म्हणे: हे विमान उडण्यास योग्य आहे. वैमानिकाची सही म्हणे: मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो. एवढाच तो करार. तो मुलगा यंत्राचे वय विचारीत नसे. सही पाहून शिडी चढे. म्हणून, विमान जुने आहे एवढ्यावरून त्याला हिणवणाऱ्यांशी माझे जमत नाही. नीट देखभाल केलेले जुने यंत्र हयगयीने ठेवलेल्या नव्यापेक्षा अधिक भरवशाचे असते, हे मी हाताने अनुभवले आहे.

परंतु त्या नोंदवहीत एक रकाना नाही. विमान आणखी किती वर्षे वापरायचे, त्याऐवजी नवे केव्हा घ्यायचे, पैसा केव्हा मंजूर करायचा, हे ठरविणाऱ्यांची सही तेथे कोठेच नसते. त्यांनी लावलेला प्रत्येक वर्षाचा विलंब खाली सरकत सरकत हँगरमधील फिटरच्या पान्यावर आणि अखेर शिडी चढणाऱ्या मुलाच्या विश्वासावर येऊन ठेपतो. काटकसर हा सद्गुण खरा. मात्र तिची किंमत दुसऱ्याने मोजायची असेल, तर तिला निराळे नाव शोधावे लागेल.

पुतण्याला आता मी असे सांगेन: शमशेर अजून सीमेवर आहे, कारण तिचे पोलाद चांगले होते आणि तिला धार लावणारे हात प्रामाणिक होते. पण ती म्यानात केव्हा ठेवायची हे ठरविणे त्या हातांचे काम नव्हे. ते ज्यांचे आहे त्यांनी तारीख ठरवावी, आणि एकदा ठरविलेली तारीख पाळावी.