मिनामाता : बागेखालचा गाळ

जपानच्या क्युशू बेटावर कुमामोतोहून शिंकान्सेनने निघालो की अर्ध्या तासाच्या आत शिन-मिनामाता येते. गावातले जुने स्टेशन मात्र वेगळे. त्यातून बाहेर पडताच समोर कारखान्याचे फाटक दिसते. चिस्सो कंपनीचा हाच तो कारखाना. 1932 ते 1968 या काळात इथे अ‍ॅसिटाल्डिहाइड बनत असे. त्यासाठी वापरलेला पारा सांडपाण्याबरोबर ह्याक्केन नाल्यातून उपसागरात जाई.

उपसागर इतका शांत, की तळ्याकाठी आल्यासारखे वाटते. समोर बेटे असल्याने शिरानुई समुद्राला मोठ्या लाटाच नाहीत. कोळ्यांना हे सुखाचे, पण विषही इथेच साचून राहिले. आधी मांजरे वेड्यासारखी नाचत मरू लागली, मग माणसांचे हातपाय वळू लागले, दृष्टी आणि वाचा गेली. 1 मे 1956 रोजी या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचा दोष सरकारने मान्य केला तो 1968 मध्ये. मधल्या बारा वर्षांत लोक मासळी खातच होते. कोळ्याच्या घरी दुसरे काय शिजणार? रोज मासळी लागणाऱ्या आपल्या गोव्याकडच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

सरकारने मान्यता दिलेले रोगी सव्वादोन हजारांहून अधिक. मान्यता न मिळालेले कितीतरी जास्त, आणि त्यांचे कोर्टातले झगडे अजून संपलेले नाहीत.

तळाशी साचलेल्या पाऱ्याचा अंदाज 70 ते 150 टन किंवा त्याहूनही जास्त. आता इथे गाळातल्या जीवाणूंची गोष्ट येते. तेल सांडले तर काही जीवाणू ते खाऊन संपवतात. पारा हे मूलद्रव्य, ते संपत नाही, फक्त रूप बदलते. प्राणवायू नसलेल्या चिखलात सल्फेटवर जगणारे काही जीवाणू साध्या पाऱ्याचे मिथिल मर्क्युरी करतात, म्हणजे कमी घातक रूपाचे जास्त घातक. (मिनामातात मिथिल मर्क्युरी मुख्यतः कारखान्यातूनच तयार होऊन येत होते, हेही खरे.) याच्या उलट, इथल्याच गाळातून मिळालेले काही जीवाणू मिथिल मर्क्युरी तोडून त्याची वाफ होणारा धातुरूप पारा करतात. विषात राहून ते विषाला सरावले. माणसाला हे जमले नाही. म्हणून काय, गाळ जीवाणूंवर सोपवून हात झटकता येत नव्हते. वाफ झालेला पाराही शेवटी हवेतच जातो.

म्हणून 1977 मध्ये गाळ उपसायला सुरुवात झाली. मूळ भीती अशी, की उपसताना गढूळ पाणी पसरेल आणि तळाचे विष पुन्हा वर येईल. त्या धास्तीने रहिवासी कोर्टात गेले, काम काही काळ थांबले. शेवटी गाळ फार ढवळला जाऊ नये म्हणून कापणारी पाती नसलेल्या यंत्रांनी तो शोषून घेतला. दर दहा लाख भागांत 25 भागांपेक्षा जास्त पारा असलेला गाळ काढायचा, हा निकष. 1990 पर्यंत सुमारे 15 लाख घनमीटर गाळ हलवला. उपसागराच्या आतल्या भागात पोलादी भिंती घालून तो कोंडला, वर माती टाकली आणि 58 हेक्टर नवी जमीन झाली. खर्च सुमारे 48 अब्ज येन. पकडलेले विषारी मासेही पिंपांत भरून याच जमिनीत पुरले.

1974 पासून उपसागराच्या तोंडाशी जाळे होते, आतले मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून. मासळी सुरक्षित ठरल्यावर 1997 मध्ये ते काढले.

आज त्या जमिनीवर इको पार्क आहे. गुलाबाची बाग, मुलांना खेळायला मोकळी मैदाने आणि समुद्राकडे तोंड करून बसलेल्या दगडी जिझोच्या लहान मूर्ती. त्यांतल्या पुष्कळ रोग्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी स्वतः घडवल्या आहेत. जवळच टेकडीवर संग्रहालय आहे, तिथे रोगी स्वतःची कहाणी सांगतात. ते आधी ऐकावे, मग बागेत यावे. उलट क्रमाने गेलात तर ती नुसती बाग दिसते.

खाली प्राणवायू नाही, पारा आहे. किनाऱ्याच्या पोलादी भिंतींना खारे पाणी लागते, आणि हा प्रदेश भूकंपांचा. भिंतींच्या वयाची चर्चा तिथे अधूनमधून होते. संध्याकाळी मात्र त्याच कठड्यावर म्हातारे गळ टाकून बसतात.