चीक

पोरगी जन्मली त्या रात्री मी सूतगिरणीत रातपाळीला होतो. सकाळी केसातला कापूस झाडत दवाखान्यात पोचलो. बायको भिंतीकडे तोंड करून निजलेली. आई म्हणाली, "आरं, हिला दूधच न्हाई. निस्ता पिवळा चीक येतोय. पिळून टाक म्हणलं."

म्हशीचा चीक मिळाला तर आम्ही खरवस करून मिटक्या मारीत खातो. बाईचा चीक मोरीत टाकतो. गावानं आम्हाला विटाळ मानलं म्हणून आम्ही सभा गाजवतो, आणि घरात आईच्या पहिल्या दुधाला विटाळ!

नर्सबाईंनी आईला अडवलं. "मावशी, हा चीक म्हणजे लेकराची पहिली लस. चमचाभरच येतो, पण लेकराचं पोटबी तेवढंच. भरलं दूध दोन-चार दिवसांनी उतरंल. मध नको, गुळाचं पाणी नको. निस्तं पाजत ऱ्हावा."

तिसऱ्या दिवशी दूध उतरलं. पण दुसऱ्या आठवड्यात पोरगी संध्याकाळभर रडायची, सारखी अंगाला लागायची. आई म्हणाली, "दूध पुरंना." मी काय केलं? दुकानात गेलो, पावडरचा डबा आणला. आईचं दूधच सर्वांत चांगलं, असं त्या डब्यावरच छापलेलं. 1992 च्या कायद्यानं ते छापावंच लागतं. मी वाचलं आणि तरी बाटली भरली. पोरगी झोपली. मला वाटलं, प्रश्न सुटला.

तीन दिवसांनी बायको म्हणाली, "अहो, आता खरंच कमी आलंय माझं."

मग आशाताई आल्या. त्यांनी सांगितलेलं मला गिरणीच्या भाषेत कळलं. गोदामात माल पडून राहिला की मालक मशीन थांबवतो, आम्हाला ले-ऑफ देतो. अंगात दूध पडून राहिलं की अंगही तेच करतं. बाटलीनं पोट भरलेलं लेकरू ओढत नाही. ओढलं नाही, तर तयार होत नाही. म्हणून दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजायचं. रात्रीचं तर चुकवायचंच नाही. नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतात आणि वजन चढतंय, तर दूध पुरतंय. लेकरू संध्याकाळी सारखं मागतं ते दूध आटलं म्हणून नाही. मागून मागूनच ते दूध वाढवून घेतं. वजन बघत बघत ताईंनी बाटली हळूहळू सोडवली. पोरगी पुन्हा अंगावर आली.

पण मित्रांनो, बारा वेळा पाजायला बाईला वेळ कोण देतो? माझी बायको यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरते. पंधराव्या दिवशी मुकादमाचा निरोप आला, "कधी येतीस?" बाळंतिणीला आधी आणि नंतर विसावा मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं बाबासाहेब 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. 2017 साली ती भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली. हे मी 14 एप्रिलला माईकवर सांगितलंय, टाळ्या घेतल्यात. पण बायकोचं नाव शेडच्या रजिस्टरलाच नाही. आणि घरी तिला पाजताना तांब्याभर पाणी मी एकदाही दिलं नव्हतं.

आता देतो. ती पाजत असते तेव्हा भाकरी मी थापतो. वाकड्या होतात. लंगोट धुतो. दोन बैठका चुकल्या तर कुणीतरी म्हणालं, "कवी चुलीत गेला."

जाऊ दे. पुढच्या बैठकीत कांडीवाल्या बायांची नावं रजिस्टरला चढवायचा विषय मी मांडणार आहे. फक्त बैठक रात्री नऊनंतर ठेवू नका. त्या वेळी पोरगी पदराखाली असते, आणि तिच्या आईला तहान लागते.