भाकरीची पत

आमच्या सोलापूर भागात पाहुणा आला की चपात्या लाटल्या जायच्या. भाकरी घरच्यांसाठी आणि रानात राबणाऱ्यांसाठी. शाळेतही मधल्या सुट्टीत चपातीवाले ऐटीत डबा उघडत. भाकरीवाले भिंतीकडे तोंड करून बसत.

आईला हे खपायचं नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन तिनं दिवस काढले होते. घरात ज्वारीचं पोतं असलं की तिला कसलीच धास्ती नसे. "मालदांडी ज्वारीची भाकरी मिळतेय, अजून काय पाहिजे?" असं ती म्हणायची. आम्हाला ते गरिबीचं समर्थन वाटायचं. तिची तृप्ती कळायला मला पोटापाण्यासाठी पुण्याला यावं लागलं.

इथं गल्लीतल्या एक मावशी भाकऱ्या करून द्यायच्या. त्यांच्या ओट्याशी उभी राहून मी भाकरी होताना पहिल्यांदा नीट पाहिली. ज्वारीच्या पिठाला गव्हाचा चिकटपणा नसतो, म्हणून कणकेसारखा गोळा भिजवून ठेवता येत नाही. दर भाकरीचं पीठ वेगळं घ्यायचं, गरम पाण्यात भिजवून तळहातानं रगडून मळायचं. पीठ जुनं असेल तर त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते आणि काठ चिरतात. मावशींचा एक हात थापायचा, दुसरा काठ सावरायचा. परातीत भाकरी गरगर फिरत मोठी व्हायची. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात, आणि ते पाणी पुरतं सुकायच्या आत उलटणं. क्षणभर उशीर झाला तर ती फुगत नाही. मावशींच्या बोटांची पेरं भाजून टणक झालेली. अशा कामाला 'त्यात काय एवढं' म्हणणाऱ्यानं एकदा तरी परात पुढ्यात घ्यावी.

आता डॉक्टर भाकरी खा म्हणतात. २०२३ हे तर जगभर भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. इकडे ऊस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ आला, ज्वारीचा पेरा घटला आणि भाव चढला. पाहुण्यांपुढे आता कौतुकानं भाकरी येते.

भाकरीची पत वाढली, थापणारीची मात्र वाढली नाही. हॉटेलातल्या थाळीचे शेकडो रुपये निमूट मोजणारी माणसं मावशींनी भाकरीमागे दोन रुपये वाढवले की घासाघीस करतात. मला हे अन्यायाचं वाटतं. तुमच्या गल्लीत भाकऱ्या करून देणारी कुणी असेल, तर ती सांगेल तो भाव तिला द्या.