फुप्फुसातलं पाणी

फुप्फुसात पाणी भरलेला पेशंट दारातूनच ओळखू येतो. तो झोपत नाही. स्ट्रेचरवर आडवा केला की उठून बसतो, दोन्ही हात कडेला रोवतो. अंग घामाने थबथबलेलं, हातपाय थंडगार. वाक्य पुरं होत नाही. कधी तोंडाशी गुलाबी फेस. प्रेशर 230 वर 130, ऑक्सिजन सत्तरीत. वसईत रात्रपाळीला अशी माणसं बहुधा पहाटे येतात आणि घरचे सांगतात, "झोपेपर्यंत चांगली होती हो."

ते खरंच असतं. अशा बऱ्याच जणांच्या अंगात पाणी फारसं वाढलेलं नसतं, ते भलत्या जागी गेलेलं असतं. रक्तवाहिन्या एकाएकी आवळतात, हृदयाच्या डाव्या कप्प्याला तेवढ्या दाबाविरुद्ध रक्त पुढे ढकलता येत नाही आणि ते मागे फुप्फुसात तुंबतं. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला की आपल्याकडचं पाणी खाडीत न जाता गल्लीत शिरतं, तसंच. जीव घुसमटला की माणूस घाबरतो, घाबरला की वाहिन्या आणखी आवळतात. हे चक्र मिनिटांत तोडावं लागतं.

वर्षानुवर्षं पहिलं इंजेक्शन लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सचं असायचं. ते लागतंही, पण लघवी होऊन पाणी उतरेपर्यंत या पेशंटला दम धरवत नाही. पहिला मान आवळलेल्या वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचा आणि मास्कमधून दाबाने दिलेल्या हवेचा. 25 मिलिग्रॅमची अँप्यूल 50 मिलीच्या सिरिंजमध्ये पातळ केली की एका मिलीत 500 मायक्रोग्रॅम येतात. मिनिटाला 10 मायक्रोग्रॅमवर पंप लावून वाट बघत बसणं इथे कामाचं नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुरुवातीलाच 600 ते 1000 मायक्रोग्रॅम दोन मिनिटांत दिले, मग मिनिटाला 100 चालू ठेवले. हा डोस देताना छातीत धडधडतंच. प्रेशरवरून नजर हलवायची नाही.

मास्क मात्र नुसत्या यंत्राचं काम नाही. गुदमरणाऱ्या माणसाच्या तोंडावर काही बांधायला गेलं की तो ते ओरबाडून काढतो. म्हणून पट्टे लगेच आवळायचे नाहीत. मास्क हाताने धरायचा, दाब कमी ठेवायचा, कानाशी बोलत राहायचं: "मावशी, माझ्याकडे बघा. हवा आपोआप येतेय, तिला अडवू नका." मग हळूहळू दाब वाढवायचा. खांद्यांची उचल कमी होते, घाम सुकतो, आणि मावशी पहिलं पूर्ण वाक्य बोलतात. बहुतेक वेळा ते पाण्याबद्दल असतं, घसा कोरडा पडलेला असतो. माझ्या कामात याहून मोठं समाधान मला ठाऊक नाही.

नंतर विचारलं की कळतं, प्रेशरची गोळी केव्हाच बंद झालेली. "बरं वाटत होतं म्हणून." मला राग येत नाही, वाईट वाटतं. प्रेशर दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीसाठी रोज गोळी घ्यायची हे पटवणं मास्क लावण्याहून अवघड.

वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याच्या बेटावरचा पेशंट आधी होडीने किनाऱ्याला येतो, मग गाडीत बसतो. वाट अशी लांब असली तर एवढं तरी करा: दम लागलेल्या माणसाला आडवं करू नका, पाय खाली सोडून बसवूनच आणा. 108 ला लगेच फोन करा. आणि चालू असलेल्या, बंद केलेल्या, सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून सोबत घ्या.